उत्कर्षबिंदूला शून्य

तानाजी काटकर सरांच्या बॅगेत पाण्याची बाटली, छत्री, तांबड्या शाईची दोन पेनं आणि एक रबरी शिक्का असतो. हा शिक्का त्यांनी कल्याणच्या एका दुकानात उभं राहून, अक्षराचा आकार दोनदा बदलायला लावून करून घेतला. कागदावर उठवला की सात ओळींचा चौकोन उमटतो. कथानक, पात्रे, वातावरण, संवाद, संघर्ष, उत्कर्षबिंदू, शेवट. प्रत्येकापुढे दहापैकी गुण भरायला रिकामी चौकट. दुकानदाराने विचारलं होतं, काका, हे कुठल्या ऑफिसचं. सर म्हणाले, कथेचं. दुकानदाराने पुढे काही विचारलं नाही.

कल्याणच्या एका शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवून सर तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. मूळ गाव माण तालुक्यातलं, आता मुक्काम डोंबिवली पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर. नोकरीत असताना त्यांनी कथेच्या घटकांवर नव्वद पानांची एक पुस्तिका लिहिली होती. ती इतकी चालली की पुढे मुलं झेरॉक्सच्या झेरॉक्सवर अभ्यास करू लागली. अजूनही एखाद्या लग्नात कुणी शिक्षिका पुढे येते आणि म्हणते, सर, उत्कर्षबिंदूची व्याख्या आम्ही तुमचीच देतो. ‘ज्या क्षणी संघर्ष शिगेला पोहोचून पात्राला मागे फिरणे अशक्य होते, तो क्षण.’ सर हसून मान डोलावतात. घरी आल्यावर मात्र त्यांचं जेवणात लक्ष नसतं. व्याख्येसाठी ओळखलं जाणं हे त्यांना एखाद्या आचाऱ्याला त्याच्या वजनकाट्यासाठी ओळखावं तसं वाटतं.

कारण सरांना कथाकार व्हायचं होतं. पस्तीस वर्षांत त्यांच्या तीन कथा छापून आल्या. दोन शाळेच्या वार्षिकात, एक डोंबिवलीतल्या एका दिवाळी अंकात, जो पुढच्या वर्षी बंद पडला. चौथी कथा त्यांनी सात वेळा नव्याने लिहिली आहे. तिच्यात सातही घटक आहेत आणि प्रत्येक जिथे असायला हवा तिथेच आहे. पत्नी स्वप्नाबाईंनी ती तीनदा वाचली. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, ‘सगळं आहे हो यात, फक्त पुढे काय झालं असं विचारावंसं वाटत नाही.’ त्यानंतर सरांनी त्यांना कथा दाखवली नाही.

दर दिवाळीला सर चार अंक विकत घेतात आणि आधी अनुक्रमणिका उघडतात. तिथली नावं ते पेन्सिलीने तपासतात. हा आपल्याहून लहान. ही कालपर्यंत कविता करत होती. या माणसाला तर वर्गात आपण सहामाहीला नापास केलं होतं. मत्सर त्यांना नवा नव्हता. तो दरवर्षी यायचा, फराळाबरोबर संपायचा आणि जायचा. दूरच्या माणसाचा मत्सर झेपतो. तो माणूस आपल्यासमोर तिसऱ्या बाकावर बसून वहीत तारीख घालत नसतो.

कोपरीतल्या एका जुन्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर सर दर रविवारी तीन ते पाच कथालेखनाचा वर्ग घेतात. डोंबिवलीहून ते शीळफाट्यावरून जाणाऱ्या बसने येतात, कारण बसायला जागा मिळते आणि वाचता येतं. बारा रविवारांचा वर्ग, दर रविवारी एक घटक, मग कथा. वर्गाची पद्धत सरांनीच घातलेली आहे. प्रत्येकाने कथा दोनदा लिहायची. पहिला खर्डा सरांकडे द्यायचा. सर त्याच्यावर शिक्का उठवतात, गुण भरतात, तांबड्या शाईने सूचना लिहितात, विद्यार्थ्याला तो समोर बसवून समजावतात आणि परत घेऊन फाइलला लावतात. पक्की प्रत विद्यार्थ्याने खर्डा समोर न ठेवता नव्याने लिहायची. शेवटच्या रविवारी तीन निवडक पक्क्या प्रती सर स्वतः वाचून दाखवतात. ज्याची कथा असेल त्याने चहा येईपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही. कथेला काय सांगायचं ते तिने सांगावं, लेखकाने तिची बाजू मांडत बसू नये, हा सरांचा नियम. त्या दिवशी ठाण्यातल्या एका दिवाळी अंकाचे संपादक ऋतुराज दळवी येतात. तिघांतली एखादी कथा ते अंकात घेतात. मागच्या दोन वर्षांत एकही घेतली नव्हती.

याच ऋतुराजकडे सरांनी आपली चौथी कथा तीनदा पाठवली होती. तिन्ही वेळा उत्तर आलं, ‘रचना निर्दोष आहे. कळवतो.’ कळवलं कधीच नाही.

यंदाच्या वर्गात चौदा जण होते. निवृत्त बँकवाले, दोन-तीन गृहिणी, एक कॉलेजची मुलगी, आणि मालू नाखवा. मालू कोपरीच्या बाजारात मासळी विकते. वय सेहेचाळीस, शिक्षण दहावी. मुलगी ऋतिका हिने आईचा फॉर्म परस्पर भरला, कारण आई रोज जेवताना बाजारातलं काहीबाही सांगते आणि ते ऐकण्यात भात निवतो. रविवारी दुपारपर्यंत माल संपवून, आंघोळ करून, अबोलीचा गजरा माळून मालू वर्गात यायची. तिच्या अंगाला मासळीचा वास नसायचा. तरी ती आली की सर उठून खिडकी उघडत.

पहिल्या रविवारपासून तिचे प्रश्न सुरू झाले. पात्र कथेच्या शेवटी बदललेलं असलं पाहिजे, असं सरांनी फळ्यावर लिहिलं, तेव्हा ती म्हणाली, ‘सर, माझा नवरा वीस वर्षं हाय तसाच हाय. त्याची गोष्ट नाय का व्हायची?’

वर्ग हसला. सरांनी शांतपणे सांगितलं की अशा पात्राला स्थिर पात्र म्हणतात.

‘स्थिर नाय सर, बसलेला.’

या वेळी वर्ग जास्त हसला. सरही हसले, पण डस्टर ठेवताना तो टेबलाच्या कडेला लागून खाली पडला. अशी वाक्यं सरांना कधी सुचत नव्हती. सुचली तरी तास संपल्यावर, बस मुंब्र्याच्या पुढे गेल्यावर.

आठव्या रविवारी पहिले खर्डे आले. मालूचा खर्डा ऋतिकाच्या जुन्या वहीतून फाडलेल्या पाच पानांवर होता. सरांनी तो परतीच्या बसमध्ये वाचायला घेतला. शीळफाट्याला बस अडकली होती, पुढे कंटेनर आडवा झाला होता. पाच पानं वाचायला पाचच मिनिटं लागली. सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग पुन्हा पहिल्या पानावर गेले.

गोष्ट एवढीच होती. खाडीत मासळी उरली नाही म्हणून एका माणसाने होडी विकली. जाळं मात्र विकलं नाही. तो रोज सकाळी ओट्यावर बसतो आणि जाळं सांधतो. बायको बाजारात जाते, येते. तो सांधत असतो. ती त्याला दोरा आणून देते. घरातले लोक आधी त्याला बोलतात, मग बोलायचे थांबतात. असं वर्ष जातं. आणि एका संध्याकाळी तो जाळं भिंतीवर टांगतो आणि सांगतो, झालं. एकही भोक उरलेलं नाही. तो हात मांडीवर ठेवून बसतो. त्याला हात कुठे ठेवायचे ते कळत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे बायको उठते, मासे कापायची कोयती घेते आणि जाळ्याला एक भोक पाडते.

शेवटच्या ओळी अशा होत्या:

‘तो उठला. त्याने जाळं उतरवून उजेडाकडे धरलं. भोकातून त्याला मी दिसली असेन. उंदीर आला वाटतं, तो बोलला. आला असेल, मी बोलली आणि पाटी उचलली.’

सरांना पहिल्यांदा जे वाटलं ते कौतुक नव्हतं. हे हिला कोणी सांगितलं, असं त्यांना वाटलं. त्यांनी फोन काढला आणि गोष्टीतली दोन वाक्यं जशीच्या तशी टाइप करून शोधली. मग तिसरं. बाजूला बसलेल्या बाईला वाटलं, काका रस्ता शोधतायत. तिने सांगितलं की दिवा मार्गे गेलात तर लवकर पोचाल. चोरी सापडली नाही. बस सुटली तेव्हा सर ‘भोकातून त्याला मी दिसली असेन’ या वाक्यावर थांबले होते. हे वाक्य कुठल्या घटकात बसतं ते त्यांना ठरवता येईना. ते संवादात नव्हतं, वातावरणात नव्हतं. संघर्ष म्हणावा तर कोणी कोणाशी भांडत नव्हतं. नव्वद पानांच्या पुस्तिकेत या वाक्याला जागा नव्हती, आणि सात वेळा लिहिलेल्या कथेत असं एकही वाक्य नव्हतं.

तो आठवडा सरांनी वाईट काढला. खर्डा रोज टेबलावर असायचा. ते तो रोज वाचायचे, दुपारी चहाच्या आधी, जसं एखादा माणूस दुखरा दात जिभेने चाचपत राहतो तसं. स्वप्नाबाईंनी विचारलं, एवढं काय तपासताय. सर म्हणाले, भाषा फार कच्ची आहे. शुक्रवारी त्यांनी शिक्का उठवला. कथानक सहा. पात्रे पाच. वातावरण सहा. संवाद सहा. संघर्ष दोन. शेवट दोन. उत्कर्षबिंदूसमोर त्यांनी शून्य लिहिलं आणि ते नीट गोल यावं म्हणून त्यावरून पेन पुन्हा फिरवलं.

त्या रविवारी वर्ग सुटल्यावर त्यांनी मालूला थांबवून घेतलं. तिने शिक्का पाहिला. शून्यावर तिचं बोट थोडा वेळ थांबलं.

सरांनी समजावून सांगितलं. नवऱ्याला कळलंच नाही, तर संघर्ष पेटणार कुठे? बायकोने केलेलं उघडकीला आलं पाहिजे. कोणीतरी बदललं पाहिजे. वाचकाला काहीतरी हाती लागलं पाहिजे. मालू ऐकत होती. ती म्हणाली, तुमी सांगाल तसं लिहिते, पण मना अशा मोठ्या शब्दांत सुचायचं नाय. तेव्हा सर म्हणाले, मी नुसती दिशा देतो, आणि बोलू लागले. मालूने वही पुढे ओढली. सर जे बोलले ते तिने शब्द न शब्द उतरवून घेतलं. नवऱ्याला कोयतीला अडकलेला दोऱ्याचा तुकडा सापडतो. तो संतापतो. ती हुंदके देते. तिच्या अश्रूंनी त्याचे डोळे उघडतात. खाडीवर सूर्य मावळत असतो. ‘नियतीच्या जाळ्यात आपण सारेच अडकलेलो आहोत, हे तिला त्या क्षणी उमगले.’

आपण काय करतो आहोत हे सरांना माहीत नव्हतं, असं म्हणता येणार नाही. एकतीस वर्षांत त्यांनी पुष्कळ पोरांच्या कथा सुधारल्या होत्या, आणि सुधारणं म्हणजे काय हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. हे ते नव्हतं. मालूने वही मिटून, सर तुमी एवढा वेळ दिला, म्हणत त्यांना वाकून नमस्कार केला, तेव्हा ते खिडकी बंद करायला वळले. पाच पानं त्यांनी फाइलला लावली. त्याची दुसरी प्रत कुठे नव्हती. फोटो काढून ठेवावा असं मालूच्या डोक्यात आलं नव्हतं.

तीन निवडक कथांत तिची कथा घ्यायची की नाही हेही सरांच्याच हातात होतं. घेतली. न घ्यायला कारण लागलं असतं, आणि आता ती कथा घेण्याची त्यांना भीती उरली नव्हती.

शेवटच्या रविवारी हॉल भरला होता. ऋतुराज पहिल्या रांगेत बसला होता. चाळिशीचा, बोलताना समोरच्याकडे पाहणारा माणूस. त्याने बसताबसताच वाचनालयाच्या कार्यवाह अंतराला सांगितलं की अंक उद्या छापायला जातोय, एका कथेची चार पानं मोकळी आहेत, काही मिळालं तर आजच हवं. सरांनी ते ऐकलं. त्यांच्या बॅगेत फाइल होती, आणि फाइलच्या खाली, पारदर्शक कव्हरमध्ये, त्यांची स्वतःची चौथी कथा होती. आठव्यांदा लिहिलेली.

पहिल्या दोन कथा झाल्या. ऋतुराजने दोन्हींबद्दल बरं बोलून झाल्यावर त्या बाजूला ठेवल्या. मग सरांनी मालूची पक्की प्रत घेतली. नियमाप्रमाणे ती तिसऱ्या बाकावर हात पदरात घेऊन गप्प बसली होती. ऋतिका मागे उभी होती.

सर वाचतात चांगलं. तो आवाज शाळेत शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा. होडी विकली, जाळं विकलं नाही, इथपर्यंत येता येता हॉलमधला पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला. ‘हात कुठे ठेवायचे ते त्याला कळत नव्हतं’ या वाक्याला बँकवाल्यांपैकी एकाने आपले हात मांडीवरून उचलले आणि पुन्हा तिथेच ठेवले. ऋतुराज पुढे झुकला होता. बायकोने कोयती घेतली, भोक पाडलं. आणि मग सर आपल्या परिच्छेदावर आले.

दोऱ्याचा तुकडा सापडला. कोणाची तरी खुर्ची करकरली. ती हुंदके देऊ लागली. मागे पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडलं. सूर्य मावळायला लागला तसा ऋतुराज मागे टेकला आणि त्याने घड्याळ पाहिलं. वर्ग हातातून सुटल्याचा आवाज कसा असतो हे सरांना कुणी सांगायला नको होतं. तो मोठा नसतो. तीस-चाळीस माणसं थोडीथोडी हलतात, एवढाच असतो. ‘नियतीच्या जाळ्यात,’ सर वाचत होते, आणि ते वाक्य आपल्या तोंडात किती ओळखीचं आहे ते त्यांना कळत होतं. त्यांच्या चौथ्या कथेत जाळ्याऐवजी वर्तुळ होतं. बाकी वाक्य तेच.

टाळ्या पडल्या. ऋतुराज म्हणाला की पहिली चार पानं तो डोळे मिटून छापेल. ‘पण शेवट या बाईंचा वाटत नाही. कुठूनतरी आणून लावल्यासारखा आहे. पहिला खर्डा मिळेल का मला? त्यात काय होतं ते बघतो.’

सगळे सरांकडे बघू लागले, कारण खर्डे त्यांच्याकडे असतात हे सगळ्यांना माहीत होतं. अंतरा म्हणाली, ‘फाइल आणलीय ना सर?’

बॅग त्यांच्या पायाशी होती.

‘खर्डे नाहीत,’ सर म्हणाले. ‘घरी आवराआवर झाली, त्यात गेले.’

मालूने त्यांच्याकडे पाहिलं. ती बोलू शकत नव्हती, चहा अजून आला नव्हता. मागून ऋतिका काहीतरी म्हणायला निघाली, तर मालूने मान न वळवता हात वर करून तिला थांबवलं. वर्गाचा नियम त्या दिवशी सर्वांत कसोशीने तिनेच पाळला.

ऋतुराज म्हणाला, मग राहिलं. शेवट असा छापता येणार नाही. आणि तो अंतराशी पुढच्या वर्षाचं बोलू लागला. आता सरांना फक्त वाकून बॅगेतून पारदर्शक कव्हर काढायचं होतं. चार पानं मोकळी होती. ते वाकले, पण कव्हर काढलं नाही. बॅग उचलून ते बाहेरच्या गॅलरीत जाऊन उभे राहिले.

चहा आला. कप घेऊन मालू गॅलरीत आली. सरांना वाटलं, आता ही विचारणार. त्यांनी उत्तर जुळवून ठेवलं होतं. तिने काहीच विचारलं नाही.

‘सर, गेला तर जाऊ दे कागद. मना पाठ हाय. तुमी लिवून घ्या, माझं अक्षर त्यांना लागायचं नाय.’

सर म्हणाले, पाच पानं पाठ कशी असतील. ती म्हणाली की बाजारात कोणाला काय दिलं, कोण काय बोललं, सगळं पाठच असतं, लिहून कोण ठेवतो. आणि पाचही पानं नकोत, तुमी घातलं तेवढंच बदलायचं हाय. ‘तुमी घातलं’ हे शब्द ती इतक्या साधेपणाने म्हणाली की त्यांच्यात टोमणा आहे की नाही ते सरांना कळेना.

नाही म्हणायला कारण नव्हतं. सरांनी गॅलरीच्या कठड्यावर वाचनालयाचं एक कोरं पत्रक पालथं ठेवलं, पेन काढलं. तांबडंच होतं. तीन आठवड्यांपूर्वी ते सांगत होते आणि ती लिहून घेत होती. आता ती कठड्याला टेकून, खाली उभ्या रिक्षांकडे बघत, सावकाश सांगू लागली. पहाटे मी उठली. कोयती घेतली. जाळ्याला हात लावला तर ते गार होतं. सर लिहीत होते. एकही शब्द चुकत नव्हता. चुकत नाही हे त्यांना कळत होतं.

‘तो उठला,’ मालू म्हणाली. ‘त्याने जाळं उतरवून उजेडाकडे धरलं.’

इथे ती थांबली. कपातला चहा तिने संपवला, कप खाली ठेवला. मग म्हणाली, ‘उंदीर आला वाटतं, तो बोलला.’

सरांचं पेन चालू होतं. मालूने वाकून कागदाकडे पाहिलं. तिला उलटं वाचता येत होतं, बाजारातल्या बायकांना बरंच काही उलटं वाचता येतं. कागदावर, ‘उजेडाकडे धरलं’च्या पुढे, तांबड्या शाईत एक वाक्य होतं: भोकातून त्याला मी दिसली असेन.

‘हे मी आता सांगितलं नाय, सर.’

सरांनीही कागदाकडे पाहिलं. वाक्य त्यांच्याच अक्षरात होतं.

‘विसरली होती मी हे,’ मालू म्हणाली. ‘पण होतं. लिवलं होतं मी.’ खाली एका रिक्षावाल्याने हॉर्न दिला. मग ती म्हणाली, ‘तुमाला माझ्यापेक्षा नीट पाठ हाय.’ आणि तिची नजर बॅगेवर गेली.

सरांची पुस्तिका सांगते की उत्कर्षबिंदू म्हणजे पात्राला मागे फिरणं अशक्य होतं तो क्षण. त्या वेळी सरांना त्या व्याख्येची आठवण झाली नाही. त्यांनी बॅगेची चेन उघडली, फाइल काढली, पाच पानं सोडवली आणि तिच्या हातात दिली. पहिल्या पानावर शिक्का होता. मालूने पानं उलटून शेवटचं पान पाहिलं, ते वाक्य तिथे आहे याची खात्री केली आणि पानं सरांना परत दिली.

‘तुमीच द्या त्यांना. खर्डा नाय असं तुमी बोललात, तुमीच द्या.’

तिने आवाज चढवला नव्हता. गिऱ्हाइकाने उचललेली पापलेटं खाली ठेवायला लावताना ती याच आवाजात बोलत असणार.

सर आत गेले. ऋतुराज जिन्याकडे निघाला होता. सरांनी पानं पुढे केली आणि म्हणाले की खर्डा सापडला. ऋतुराजने कुठे सापडला असं विचारलं नाही. तो जिन्याच्या तोंडाशी उभ्याउभ्याच वाचत गेला, शेवटचं पान दोनदा वाचलं, मग पहिल्या पानावरच्या चौकोनाशी आला.

‘उत्कर्षबिंदूला शून्य?’

सर बॅगेची चेन लावू लागले.

‘मग तो दुसरा शेवट, सूर्य वगैरे, तो कुणी लिहिला?’

तो मालूकडे बघून विचारत होता. ती सरांच्या मागे येऊन उभी राहिली होती. तिने एकदा सरांच्या पाठीकडे पाहिलं.

‘उंदीर आला असेल,’ ती म्हणाली.

ऋतुराज मोठ्याने हसला. आताच वाचलेलं वाक्य त्याला असं परत मिळालं होतं. अंतराही हसली, ऋतिका हसली. सगळं तिथेच संपलं असतं. कोणी पुढे काही विचारणार नव्हतं, मालूने तशी सोय केली होती. तिने ती सोय करावी, आणि तीही इतक्या सहज, एका वाक्यात, हे सरांना सर्वांत जास्त लागलं.

‘माझा होता तो,’ सर म्हणाले. ‘मीच सांगितला तिला.’

ऋतुराजने हसणं थांबवलं. त्याने सरांकडे नीट पाहिलं, आणि क्षणभर त्याला सरांकडून आलेली जुनी पाकिटं आठवली असावीत.

‘हो,’ तो म्हणाला. ‘वाटलं मला.’

त्याने पाच पानं घडी न घालता बॅगेत ठेवली आणि तो जिना उतरून गेला. पारदर्शक कव्हर सरांनी बस शीळफाट्याला आली तेव्हा एकदा उघडलं आणि न वाचता मिटलं.

मालू पुढच्या वर्गाला आली नाही. वर्ग झाला की पुन्हा येता येत नाही, असा नियम आहे. बाजारातून जाताना सर कधी दिसले तर ती लांबूनच ‘सर’ म्हणून हाक मारते आणि आजूबाजूच्या बायकांना सांगते, हे माझे सर. मोरू, तिचा नवरा, अजून ओट्यावर बसतो. खरंच भोक पाडलं होतं का, असं सरांनी तिला एकदा विचारलं. तिने कोळंबी मोजता मोजता, सर, तुमाला काय देऊ, असं उलट विचारलं.

दिवाळीच्या आधल्या आठवड्यात सरांनी डोंबिवलीच्या स्टॉलवरून नेहमीप्रमाणे चार अंक घेतले. ऋतुराजचा अंक त्यांनी सर्वांत शेवटी उघडला, आणि अनुक्रमणिका न पाहता थेट पान शोधलं. कथेच्या वर नाव होतं, मालू नाखवा, कोपरी. सरांनी पेन्सिल हातात घेतली आणि शेवटच्या परिच्छेदावर सावकाश, एकेका शब्दावर थांबत गेले. छपाईची एखादी तरी चूक सापडेल, अशी त्यांची अपेक्षा होती. एकही नव्हती.